मागे जायची मुदत

मनहरभाई ओझांच्या कॉम्प्युटरनं हल्ली एक हट्ट धरला होता. सकाळी चालू केला की बाकी काही बोलायच्या आधी तो विचारायचा, नवी प्रणाली तयार आहे, आता घालू की नंतर? मनहरभाई 'नंतर' दाबायचे आणि आपल्या कामाला लागायचे. तगादा लावणाऱ्याला 'उद्या या' म्हणावं आणि त्यानं खरंच उद्या येऊन उभं राहावं, तसं चाललं होतं.

मनहरभाईंना दिसत नव्हतं. लहानपणी ताप आला आणि जाताना डोळे घेऊन गेला. भावनगरच्या एका बँकेत त्यांनी टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले आणि आता दिवसभर पुस्तकं वाचत. वाचत म्हणजे ऐकत. पडद्यावर जे काही असेल ते यंत्र बोलून दाखवायचं. त्या बोलणाऱ्या आवाजाला त्यांच्या पत्नी दमयंतीबेन टिटवी म्हणत, आणि ते नाव चुकीचं नव्हतं. असा आवाज सुरुवातीला सगळेच सावकाश ऐकतात. मग कान सरावतो, माणूस वेग वाढवतो, पुन्हा सरावतो. मनहरभाईंनी वर्षानुवर्षं वेग असा वाढवत नेला होता की दुसऱ्याला नुसतं टिटिटिटी ऐकू यावं. त्यांना मात्र त्यात सबंध वाक्यं ऐकू यायची, स्वल्पविरामांसकट.

हा वेग नुसता सवयीचा नव्हता. तो त्यांच्या खोलीचं दार होता.

या माणसाचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांनी वाचून दाखवण्यात गेलं होतं. शाळेचा निकाल शिपायानं वाचला, नोकरीचा कागद मामांनी वाचला. ब्रेल येत होती, पण ब्रेलमधली पुस्तकं थोडी, आणि एकेक पुस्तक उचलायला हमाल लागावा एवढं जाड. लग्न ठरल्यावर दमयंतीचं पहिलं पत्र आलं, ते मोठ्या भाभींनी ओट्यावर बसून सगळ्यांसमोर वाचलं. दोन घरं पलीकडून कुणीतरी हसलेलं मनहरभाईंना ऐकू आलं. पुढच्या पत्रांत हवापाणी आणि वडीलधाऱ्यांना नमस्कार, याखेरीज काही आलं नाही.

मग उतारवयात टिटवी मिळाली. चारचौघांत बसून, मोठ्यानं, आणि तरी कुणाला न कळता वाचता येतं, हे त्यांना तेव्हा कळलं. कानाला काही लावून ऐकणं त्यांना जमत नसे. कान झाकले की घर दिसेनासं व्हायचं. दूध कुठवर आलं, दारात कोण उभं आहे, दमयंती कुठल्या खोलीत आहे, सगळं पुसलं जायचं. टिटवीनं तीही अडचण ठेवली नव्हती. दमयंतीबेन रोज दुपारी जवळच बसून भाजी निवडत, आणि हे त्यांच्यापासून हातभर अंतरावर एखाद्या खुनाचा तपास लावत असत.

तेव्हा 'नंतर' दाबत राहणंच ठीक होतं. पण एक गोष्ट आडवी आली.

अंधांसाठीचं एक ग्रंथालय होतं, तिथून त्यांची पुस्तकं थेट यंत्रावर येत. घोघा बंदरातल्या एका तांडेलाची चार भागांची कादंबरी ते वाचत होते. तिसरा भाग संपला तो असा, की लखमण तांडेलचं गलबत भरदिवसा बंदराजवळ येऊन थांबतं, शीड उतरवलेलं, नांगर टाकलेला, चुलीवर खिचडी गरम, आणि वर एकही माणूस नाही. चौथा भाग मागायला मनहरभाई गेले तर ग्रंथालयानं उत्तर दिलं की तुमची प्रणाली फार जुनी आहे, यापुढे पुस्तकं मिळणार नाहीत.

त्यांनी जुसबभाईंना फोन लावला. जुसबभाई त्यांचे शाळासोबती. त्यांनाही दिसत नव्हतं, आणि ते अंधशाळेत कॉम्प्युटर शिकवत. जुसबभाईंचं म्हणणं, नवी प्रणाली घाल, यात विचारायचं काय? मात्र टिटवी तिच्यावर चालणार नाही. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, आता तिला नव्या घरात कोण घेणार? नवे आवाज आहेत की, रेडिओवरच्या बाईसारखे, अगदी माणसाचे.

वेगात चालतात का ते, असं मनहरभाईंनी विचारलं.

"वेगाचं मला नको विचारू," जुसबभाई म्हणाले. "मी ऐकतो पण चावून चावून. तुझ्यासारखं गिळत नाही."

वेगात चालणारा दुसरा एक आवाज होता, पण त्याची गुजराती म्हणजे तोंडात खडे धरून बोलल्यासारखी. तिला कान सरावायला वर्षं जातील, असं त्यांनीच सांगितलं. मग जरा मऊ होऊन म्हणाले की घाबरण्यासारखं काही नाही, नाही पटलं तर मागे जाता येतं. थोड्या दिवसांची मुदत असते. चप्पल परत केल्यासारखं समज. मुदत टळली की मात्र चप्पल तुझी.

मनहरभाईंनी त्यावर पुष्कळ विचार केला. मुळात तो त्यांचा दोषच होता. साधं दही आंबट लागलं तर ते दह्यामुळे की आपल्या जिभेमुळे, याचाही ते विचार करत बसत. टिटवी ठेवली तर घरात आधीपासून असलेली पुस्तकं पुन्हा वाचता येतील, ती काही थोडी नव्हती. पण चुलीवरची ती गरम खिचडी डोक्यातून जाईना. माणसं गेली कुठं? आणि खरं सांगायचं तर त्या नव्या आवाजाविषयीही त्यांना कुतूहल होतं. आयुष्यभर त्यांनी माणसं आवाजावरून ओळखली होती. माणूस नसलेला माणसाचा आवाज कसा असेल?

एका सकाळी यंत्रानं विचारलं, आणि त्यांनी 'आता' दाबलं.

टिटवी म्हणाली, कृपया यंत्र बंद करू नका. त्यानंतर ती काही बोलली नाही.

हे मात्र त्यांनी धरलेलं नव्हतं. डोळस माणसाला पडद्यावर काहीतरी फिरताना दिसतं म्हणे. मनहरभाईंना नुसती शांतता होती. त्यांनी यंत्राच्या पाठीवर हात ठेवला. ऑपरेटरच्या नोकरीत एक गोष्ट पक्की कळली होती, की मेलेली लाइन वेगळी आणि गप्प असलेली लाइन वेगळी. गप्प लाइनीत खूप दूर काहीतरी सरकत असतं. इथंही सरकत होतं. यंत्र गरम झालं, पंखा जोरात फिरला, मग सगळंच थांबलं. पुन्हा टिक् झालं, पुन्हा पंखा. आत दमयंतीबेन थेपले लाटत होत्या. त्या लाटण्याच्या आवाजावर कान ठेवून मनहरभाई वीज जाऊ नये म्हणून मनातल्या मनात खोडियारमातेला विनवत होते.

बऱ्याच वेळानं खोलीत एक बाई बोलली.

"नमस्कार. आपलं स्वागत आहे. चला, सुरुवात करू या."

स्वर मध्यम, वय तिशीच्या आतबाहेर, गाव सांगता येणार नाही. मनहरभाई ऐकतच राहिले. सगळं होतं, फक्त बोलण्याआधी घेतलेला श्वास नव्हता. तो का नाही, आणि नसतानाही हे इतकं खरं कसं वाटतं, याचा ते विचार करत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. भांड्यांची हालचाल झाली आणि दमयंतीबेन बाहेर आल्या. त्यांच्या हातातल्या ताटलीवर पेला किणकिणत होता.

"या ना बेन, बसा," त्या म्हणाल्या, आणि मग, "अहो, कुठं गेल्या?"

"कुणी आलं नाही, दमु. यंत्र बोललं."

पाहुण्यासाठी आणलेलं पाणी हातात धरून त्या क्षणभर उभ्या राहिल्या आणि हसू लागल्या. काय गोड गुजराती बोलते हो, असं म्हणाल्या. आधीची मेली नुसती टिटिटि करायची.

"आधीची पण गुजरातीच बोलायची," मनहरभाई म्हणाले.

हसणं थांबलं.

"म्हणजे? शब्द होते ते?"

आणि मग जे बाहेर आलं ते ऐकून मनहरभाई थक्क झाले. इतकी वर्षं दमयंतीबेनना वाटत होतं की तो आवाज म्हणजे खुणा आहेत. पोस्टात तारेचं कटकट कटकट चालायचं, तशा. नवरा टेलिफोनच्या कामातला, तेव्हा त्याला ती विद्या येत असणार. शेजारच्या भानुबेनना, माहेरच्यांना, सगळ्यांना त्यांनी अभिमानानं सांगितलं होतं की आमच्या यांना तारेची भाषा येते. आणि मनहरभाई समजत होते की हिला ठाऊक आहे, फक्त वेगामुळे कळत नाही. एकाच खोलीत रोज बसणाऱ्या दोन माणसांनी हे एकदाही एकमेकांना विचारलं नव्हतं.

मनहरभाईंना हसू आलं. दमयंतीबेन हसल्या नाहीत. आणलेलं पाणी त्यांनी स्वतःच पिऊन टाकलं आणि त्या आत गेल्या.

त्याच दुपारी चौथा भाग आला. नवी बाई वाचू लागली, पण काय तिची चाल! टिटवीनं जेवढ्यात एक प्रकरण संपवलं असतं, तेवढ्यात ही बंदरावरच्या सकाळचं वर्णन करत होती. मनहरभाईंनी वेग वाढवला. थोडा वाढवला तर ती घाईत असलेल्या बाईसारखी बोलली, आणखी वाढवला तर शब्दांचे तुकडे पडले, शेपट्या नुसत्या उरल्या. निमूटपणे त्यांनी तिला पुन्हा तिच्या चालीवर आणलं. मग त्यांच्या लक्षात आलं की स्वयंपाकघरात काहीच वाजत नाही.

दमयंतीबेन ऐकत होत्या.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, की तो लखमण कोण आणि त्याची बायको त्याचं नाव ऐकून चूल का विझवते? मनहरभाईंनी आधीच्या तीन भागांचं तीन वाक्यांत सांगितलं आणि कढी मागितली. आपण घास चावतोय आणि समोर बसून कुणी तो मोजतंय, असं त्यांना वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तर कहर झाला. ते यंत्रावरचं टपाल उघडून बसले आणि त्या रेडिओवरच्यासारख्या बाईनं स्वच्छ, सुसंस्कृत आवाजात सगळ्या घराला ऐकवलं:

"जुसबचा संदेश. मनहर्‍या, नवी कशी आहे? जुनीला कळू देऊ नकोस."

"जुसबभाईंना कळवा," आतून उत्तर आलं, "जुनीला कळलं."

त्यानंतर मनहरभाई आवाज बारीक करून वाचू लागले. दमयंतीबेन अंगणात गेल्या की वाचत, आत आल्या की थांबवत. डॉक्टरांचा अहवाल त्यांनी उघडलाच नाही. एका जुन्या मित्रानं मुलाबद्दलचं दुःख लिहिलं होतं, ते पहिल्या दोन ओळींवर बंद केलं. घरात सगळं होतं तसंच होतं, फक्त त्यांच्या खोलीचं दार कुणीतरी काढून नेलं होतं. जुसबभाईंना फोनवर त्यांनी सांगून टाकलं की मला मागे जायचंय. जुसबभाई म्हणाले, मग जा, मुदत आहे अजून, पण पुस्तकाचं काय? गलबतावरची माणसं तशीच राहू देत, असं मनहरभाई म्हणाले. ते खोटं होतं आणि दोघांनाही माहीत होतं.

मागे जायचा रस्ता त्यांनी शोधून ठेवला. त्या दुपारी दमयंतीबेन नेहमीच्या जागी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. पुस्तक बंद होतं.

"अहो, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "ती टिटवी हळू बोलू शकत नव्हती का?"

मनहरभाईंना खोटं बोलता आलं असतं. यंत्राच्या बाबतीत त्यांचं म्हणणं घरात कुणी तपासत नव्हतं.

"शकायची," ते म्हणाले. "एक बटण होतं."

शेंगा सोलण्याचा आवाज चालू राहिला. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"मी रोज दुपारी इथंच बसायचे," दमयंतीबेन म्हणाल्या. "शेंगा सोलायला आतही जागा होती. मला वाटायचं, आपण दोघंच बसलोय."

मनहरभाईंनी पुस्तक सुरू केलं, आणि आवाज बारीक केला नाही. रिकामं गलबत ओढून किनाऱ्याला आणलं जात होतं. गावकरी तर्क लढवत होते, कुणी म्हणे चाचे, कुणी म्हणे समुद्रातलं भूत.

"काहीतरीच," दमयंतीबेन मधेच म्हणाल्या. त्यांचं माहेर घोघ्याचं. "ओहोटी असणार. पाणी इतकं मागे जातं की नांगरलेलं गलबत चिखलात बसतं. उतरले असतील आणि चालत गेले असतील किनाऱ्याला."

मनहरभाईंनी पुस्तक थांबवलं. तिसरा भाग संपल्यापासून ते या एकाच प्रश्नाभोवती फिरत होते, आणि माणसं चालत गेली असतील हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. मग खिचडी का टाकून गेले, असं त्यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, भरती यायच्या आत पोचायचं तर खिचडी शिजायची वाट कोण बघेल? मग एवढी घाई कसली, हे त्यांनी विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या की ते आता तिला विचारा, वाचू द्या तिला पुढं.

पुढे निघालं की कादंबरीकारानं वेगळंच काही केलं होतं, दुसरं एक जहाज आणि जुनं वैर वगैरे. दमयंतीबेनचा तर्क चुकला. पण मनहरभाईंना मनापासून वाटलं की लेखकापेक्षा हिचं बरं होतं. पुढच्या दिवसांत त्यांना एक विचित्र सवय लागली. काही घडलं की ते थांबवत, आणि दमयंतीकडे कान लावून बसत. पुढे काय होणार यापेक्षा ती काय म्हणणार याची त्यांना उत्सुकता असायची. तरीही टपाल ते चोरूनच वाचत, अहवाल तसाच पडून होता, आणि मागे जायचा रस्ता उघडा होता, हेही ते विसरले नव्हते.

मग एका दुपारी, लखमणची बायको होडीत पाय ठेवत असताना, बाईनं वाचन थांबवलं आणि त्याच शांत आवाजात म्हणाली, "मागे जाण्याची मुदत आज संपत आहे. जुन्या प्रणालीवर परत जायचं आहे का? होय किंवा नाही निवडा."

प्रश्न सगळ्या घरानं ऐकला. सगळं घर म्हणजे दोन माणसं.

दमयंतीबेनचे हात थांबले.

"काय करू?" मनहरभाई म्हणाले.

"मला कशाला विचारता? यंत्र तुमचं, कान तुमचे." पुढची शेंग सोलत त्या म्हणाल्या, "लपवायला जागा लागते माणसाला. मलाही लागते. माझी जागा स्वयंपाकघरात आहे, तुम्हाला कधी सापडली नाही."

मनहरभाईंना हे नवीन होतं. या घरातला प्रत्येक आवाज आपल्याला ओळखू येतो असं ते धरून चालले होते. कुठं, असं विचारायला त्यांचं तोंड उघडलं आणि त्यांनी ते मिटलं. बोट 'होय'वर होतं. तिथं वेग होता, दार होतं, त्यांना हवी तेवढी माणसं घेऊन एकटं बसायची सोय होती. दुसरीकडे काय होतं ते नीट सांगता येत नव्हतं. होडीत पाय ठेवलेली एक बाई होती, आणि ती पडेल की नाही याबद्दल तुरीच्या शेंगांपाशी बसलेल्या एका माणसाचं काहीतरी मत होतं.

त्यांनी 'नाही' दाबलं.

बाईनं धन्यवाद म्हटलं आणि होडी पुढे निघाली. आपण शहाणपणा केला असं मनहरभाईंना त्या दिवशी वाटलं नाही, रात्री जेवतानाही वाटलं नाही. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसं मन सारखं त्या वेगाकडे जात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टपाल उघडून बसले. त्या मित्राचं आणखी एक पत्र आलं होतं. बाई म्हणाली, "प्रिय मनहर, हे फक्त तुझ्याचसाठी," आणि मनहरभाईंचा हात आवाज बंद करायला पुढे झाला.

त्याआधीच दमयंतीबेन उठल्या होत्या. त्यांची पावलं मधल्या दारापर्यंत गेली. ते दार दिवसा कधी लावलं जात नसे, चौकटीत फुगून बसलेलं होतं. त्यांनी ते एकदा ओढलं, ते हललं नाही. दुसऱ्यांदा अंगाचा जोर लावून ओढलं, तेव्हा ते करकरत लागलं. पावलं पुढे अंगणात गेली.

मनहरभाईंनी पत्र पूर्ण ऐकलं. हळू, एकेक शब्द. मित्राचा मुलगा घर सोडून गेला होता आणि मित्राला कुणाशी बोलायचं होतं, तेवढंच. त्यांनी ते पुन्हा एकदा ऐकलं. मग उठले, चाचपडत दार गाठलं आणि खांदा लावून उघडलं.

दमयंतीबेन पायरीवर बसल्या होत्या.

"झालं?"

"झालं."

त्यांनी कुणाचं, काय, काही विचारलं नाही. विचारायचं खूप मनात आहे हे मनहरभाईंना त्यांच्या बांगड्यांच्या चुळबुळीवरून कळत होतं. ते शेजारी टेकले. ही विचारेल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली. रस्त्यावरून गाठियावाला ओरडत गेला, लांब गेला, वळला. त्या विचारेनात.

शेवटी न राहवून त्यांनीच सांगायला सुरुवात केली.